रोज एक गाणं, आणि न विचारलेलं ‘का’

(कुटुंब सल्ला केंद्रं व निवारागृहांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. उल्लेख आलेल्या स्त्रियांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘निवारागृहातील सांस्कृतिक उपक्रम’. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात आम्ही एवढंच करतो की रात्रीची जेवणं झाली, भांडी घासून झाली, की सगळ्याजणी सतरंजीवर बसतो. त्या दिवशी जिची पाळी असेल ती आपल्या आवडीचं एक गाणं म्हणते. म्हणता येत नसेल तर फोनवर लावते, नाहीतर नुसती चाल गुणगुणते. मग वाटलं तर हेच गाणं का, ते सांगते. वीस-पंचवीस मिनिटांत सगळ्या झोपायला जातात. यात सांगण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटलं होतं. पण या साध्या गोष्टीत मी एक मोठी चूक केली, आणि ती चूक तुमच्यासमोर मांडावी म्हणून मी आले आहे.

आधी हे सुरू कसं झालं ते सांगते. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, तेव्हा मुलाखत कशी घ्यावी, प्रश्न कसे विचारावेत, नोंदी कशा ठेवाव्यात हे शिकले. केंद्रात आलेल्या बाईला आपण किती प्रश्न विचारतो, याचा कधी हिशेब केलाय? लग्न कधी झालं, मारहाण कधी सुरू झाली, शेवटची कधी झाली, कशाने मारलं, कुणी पाहिलं. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्याच्या नियमांतला घटना अहवालाचा नमुना तुम्हा सगळ्यांच्या हाताखालून गेलेला आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आर्थिक असे रकाने, आणि त्यात खुणा करायच्या. तो नमुना गरजेचाच आहे, त्याच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण आठवड्याभरात तीच हकीकत पोलिसांना, संरक्षण अधिकाऱ्यांना, डॉक्टरांना, वकिलांना आणि आम्हाला सांगून झाली की बाईकडे सांगण्यासारखं तेवढंच उरतं. ती म्हणजे तिची केस, असं होऊन जातं. तिला आवडतं काय, हे आम्ही कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून मी गाण्याची कल्पना काढली. सुरुवातही चुकीचीच केली. मी चळवळीतल्या गाण्यांच्या झेरॉक्स वाटल्या. ती गाणी मला फार प्रिय आहेत. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ आलं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं. त्यातल्या गाण्यांनी गावोगावच्या बायकांना रस्त्यावर उभं राहून बोलायला शिकवलं. कमला भसीन यांनी लोकांच्या ओळखीच्या चालींवर नवे शब्द बांधले आणि देशभरच्या शिबिरांतून ती गाणी फिरली. माझ्या पिढीला ही गाणी आयती मिळाली. मला वाटलं, यांनाही देऊ. बायकांनी कागद नीट घडी करून उशीखाली ठेवले. कुणी काही म्हणेना. चौथ्या दिवशी एक मावशी म्हणाल्या, “ताई, हे तुमचं गाणं झालं. आमचं सांगू का?”

त्या दिवशी खरी सुरुवात झाली.

पहिलं गाणं म्हटलं ते एका विशीतल्या मुलीने. आल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती. तिने गणपतीची आरती म्हटली, आणि तीही एवढ्या मोठ्या आवाजात की शेजारच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. कारण काय, तर सासरी तिला मोठ्याने बोलायची मुभा नव्हती, हसण्याचीही नव्हती. पण गणपतीच्या दिवसांत आरतीला ओरडलं तरी कुणी काही म्हणत नसे. वर्षातले ते दिवस ती धरून ठेवत असे. माझ्यासारखी बाई, जिला आरती-बिरतीत फारसा रस नाही, तिला त्या दिवशी कळलं की गाण्यातले शब्द काय आहेत एवढ्यावरून बाईला ते का आवडतं हे ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट सांगते. मराठवाड्यातल्या एक मावशी होत्या. उभा जन्म ऊसतोडीत गेलेला, नवरा-बायकोचा एक कोयता धरून दर दिवाळीनंतर कारखान्याच्या वाटेला लागायचं. त्यांनी आईकडून आलेल्या ओव्या म्हटल्या. सगळ्या भावाच्या. भाऊ कसा येतो, कसा दारात उभा राहतो, बहिणीला कशी साडी आणतो. आम्हाला ठाऊक होतं की याच भावाने बापाच्या पश्चात त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला होता. आमच्या एका कार्यकर्तीला राहवलं नाही. ती म्हणाली, “मावशी, ज्याने जमीन लिहून घेतली त्याच्याच ओव्या गाता?”

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्राने १९९४ साली वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, हक्क आहेच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. आणि तरीही तलाठ्याकडे आजही ‘माहेर तुटू नये’ म्हणून सही करणाऱ्या बहिणी आपण पाहतो. भावाची ओवी आणि हक्कसोडपत्र यांचा संबंध आहेच.

मावशी शांतपणे म्हणाल्या, “अगं, माझ्या भावाची ओवी नाही ही. माझा भाऊ कुठं आला साडी घेऊन? ओवीतला भाऊ निराळा.”

मी त्या वाक्यावर फार दिवस विचार करत होते. आपण म्हणतो, बायकांच्या गाण्यांत सासर-माहेर, नवरा, भाऊ एवढंच आहे. ही गाणी त्यांना गुलामीतच ठेवतात. काही गाण्यांबाबत ते खरंही आहे. पण मावशींना भाऊ कसा आहे हे माहीत होतं आणि भाऊ कसा असायला हवा होता हेही माहीत होतं. दुसरी गोष्ट त्यांनी ओवीत ठेवली होती. पुढे आमच्या वकीलताईंशी बोलून त्यांनी हिश्श्याचा दावा दाखल केला. ओव्या गाणं त्यांनी सोडलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या.

ओव्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगते. जातं गेलं, पिठाची गिरणी आली, आणि बायकांचा पहाटेचा एक मोठा कष्ट वाचला. त्याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. पण जात्याशी बाई एकटी किंवा जावेबरोबर, घर झोपलेलं असताना बसत असे, आणि दिवसभर जे बोलता येत नाही ते तिथे बोलत असे. संत जनाबाईंच्या अभंगांत दळण आहे, आणि दळायला मदत करायला येणारा विठ्ठलही आहे. नामदेवांच्या घरी राबणारी बाई, तिचं ऐकायला दुसरं कोण होतं? आपल्या काळात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी वर्षानुवर्षं फिरून, महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया २०१७ पासून त्या प्रसिद्ध करत आहे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत, बाबासाहेबांच्या आहेत, लेकीच्या जन्माच्या आहेत. आणि गाणारीचं नाव, गाव त्यासोबत दिलेलं आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. ओवीत बाई ‘मी’ म्हणते, पण ओवी तिच्या एकटीची नसते. आईकडून आलेली, शेजारणीकडून उचललेली, थोडी आपली घातलेली. त्यामुळे सासूने ऐकलं तरी तिला म्हणता येतं, मी कुठे काय बोलले, ओवी तशी आहे. गाण्याआड उभं राहून बोलण्याची ही सोय बायकांनी स्वतः करून ठेवली आहे. हा आडोसा काय कामाचा असतो, हे मला समजायला हवं होतं. मला ते समजलं नाही, आणि त्यातून माझी चूक झाली.

आमच्याकडे एक पंचविशीतली बाई होती. तिची तीन वर्षांची मुलगी नवऱ्याने स्वतःकडे ठेवून घेतली होती. तिच्या पाळीच्या दिवशी तिने अंगाई म्हटली. मी विचारलं, “हेच गाणं का?” तेव्हा आमच्यात तशी रीतच होती, गाणं झालं की कारण. ती थांबली. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. मग तिने सांगितलं की रात्री झोप लागत नाही, मुलगी जागी असेल असं वाटतं, म्हणून ती गच्चीच्या जिन्यात जाऊन हे गाणं म्हणते, मुलीला ऐकू जाईल अशा समजुतीने. सगळ्यांचे डोळे भरले. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे कबूल करते. वाटलं, बाई मोकळी झाली, उपक्रम यशस्वी झाला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या फाइलमध्ये नोंद केली. शिकले होते तशीच, व्यवस्थित. रात्री झोप नाही, जिन्यात एकटी बसते, मुलीशी बोलत असल्यासारखं गाते, भावनिकदृष्ट्या अस्थिर. पुढे मुलीच्या ताब्याच्या अर्जात केंद्राचा अहवाल मागवला गेला. मी फाइलवरून अहवाल तयार केला आणि ते वाक्य त्यात तसंच गेलं. त्याची प्रत समोरच्या बाजूला मिळाली. तारखेला तिच्या नवऱ्याच्या वकिलांनी तिला विचारलं, आपण रात्री जिन्यात बसून, समोर कुणी नसताना गाता, हे खरं आहे का?

ती माझ्याकडे वळून बघेल असं मला वाटलं. तिने बघितलं नाही.

तिला मुलीचा ताबा मिळाला, पण बऱ्याच महिन्यांनी, आणि तो वकीलताईंच्या चिकाटीमुळे आणि शेजारच्या एका आजींनी धीर करून दिलेल्या साक्षीमुळे. माझ्या अहवालाने तिचं कामच कठीण केलं होतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “ताई, तुम्ही पोलिसांसारखं विचारलं असतं तर मी सांगितलंच नसतं.” त्यानंतर तिने गाणं म्हटलं नाही. सतरंजीवर यायची, भिंतीला टेकून बसायची, पाळी आली की मान हलवायची.

मैत्रिणींनो, हिंसा करणाऱ्याने बाईचं बोलणं तिच्याविरुद्ध वापरणं आपल्याला नवं नाही. पण मायेने काढून घेतलेलं बोलणं आपल्या हातून त्याच्यापर्यंत पोचतं, तेव्हा आपण काय करायचं? मी वर्तुळात बसले होते मैत्रीण म्हणून आणि उठले होते केसवर्कर म्हणून. मधे मी टोपी बदलली हे तिला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही सगळ्याजणींनी बसून नियम ठरवले. मी एकटीने नाही. त्यातले अर्धे नियम बायकांनी सुचवले. ते इथे सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी हे सुरू केलं तर उपयोगी पडतील.

पहिला, कारण सांगणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कुणीही ‘का’ विचारायचं नाही. गाणं झालं की थोडा वेळ गप्प बसायचं. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

दुसरा, सतरंजीवरचं बोलणं फाइलमध्ये जात नाही. त्यातली एखादी गोष्ट कामाची वाटली, तर मी दुसऱ्या दिवशी तिला वेगळं बोलावून विचारते, हे लिहू का, आणि कोणत्या शब्दांत लिहू? ती नको म्हणाली तर नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र मी गप्प बसणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. सगळं गुप्त राहील असं खोटं वचन देत नाही.

तिसरा, कुणीही उठून जाऊ शकते. हा नियम एका प्रसंगाने आला. एकीने जुन्या हिंदी चित्रपटातलं एक गोड प्रेमगीत लावलं आणि दुसरी थरथरत उठून बाहेर गेली. तिचा नवरा दारू पिऊन यायचा तेव्हा त्याच्या खिशातल्या फोनवर तेच गाणं वाजत असायचं. एकीचं आवडतं गाणं दुसरीला दारावरच्या धक्क्यासारखं वाटू शकतं. म्हणून आता कुठलं गाणं आहे ते आधी सांगायचं, आणि मग लावायचं. उठून गेलेलीला कुणी कारण विचारायचं नाही.

चौथा, गाण्यावर निकाल द्यायचा नाही, पण बोलायला बंदीही नाही. मुलीच्या मागे लागणाऱ्या नायकाचं गाणं कुणी लावलं तर दुसरी म्हणते, “मला हे ऐकून भीती वाटते.” हे गाणं वाईट, असं म्हणण्यापेक्षा हे म्हणणं किती निराळं आहे! त्या एका वाक्यावरून आमच्याकडे पाठलाग, संमती, नकार यांवर जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या तक्ते लावून घेतलेल्या सत्रांत कधी झाली नाही.

पाचवा नियम चित्रीकरणाचा. आमच्या उपक्रमाची माहिती एका देणगीदार संस्थेला कळली. त्यांना वार्षिक अहवालासाठी दोन-तीन मिनिटांची फीत हवी होती. चेहरे धूसर करू म्हणाले. आवाजाचं काय, मी विचारलं. नवऱ्याला बायकोचा आवाज ओळखू येत नाही असं थोडंच आहे? बाईची इच्छा असेल तर निवारागृहाने तिची ओळख उघड करू नये, हे २००६ च्या नियमांत आहे. गाणं ही तर आवाजाने केलेली सहीच. आम्ही नकार दिला. त्या वर्षी त्या संस्थेकडून मदत आली नाही, आणि पंख्यांची दुरुस्ती आम्ही वर्गणी काढून केली.

इथे एक शंका तुमच्या मनात येईल, मलाही आली होती. ओवी गाणाऱ्या बायकांची नावं छापली याचं मी आत्ताच कौतुक केलं. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर आपण नेहमी देतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव याने गाणी टिपून ठेवली, १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली. टिपली नसती तर आपण केवढ्या ठेव्याला मुकलो असतो! मग मी टिपू नका कसं म्हणते?

माझं उत्तर असं आहे. शतकानुशतकं बायकांची गाणी निनावी राहिली. तिथे नाव लावणं हा न्याय आहे. आमच्याकडच्या बाईच्या मागावर माणूस आहे. तिथे नाव झाकणं हा न्याय आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच, ठरवणार कोण? गाणारी. आमच्यातल्या बायकांनी पुढे स्वतःच एक वही केली. ती कार्यालयाच्या कपाटात नसते, त्यांच्याकडेच असते. त्यात कुणी गाण्याचा पहिला शब्द लिहिते, कुणी फूल काढते, कुणी अंगठा उठवते. मी ती वही मागितलेली नाही.

आता त्या अंगाई म्हणणाऱ्या बाईबद्दल शेवटचं. मुलगी मिळाल्यावर ती भाड्याच्या खोलीत राहायला जाणार होती. निघण्याच्या आदल्या रात्री ती म्हणाली, आज माझी पाळी. मुलगी मांडीवर होती. तिने गाणं म्हटलं. ते अंगाई नव्हतं. एक उडत्या चालीचं, लग्नाच्या वरातीत वाजतं तसलं गाणं होतं. पोरगी टाळ्या वाजवत होती. गाणं संपलं. सवयीने सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती हसून म्हणाली, “का ते सांगणार नाही.”

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, माझ्या नोकरीत मी ऐकलेलं ते सर्वांत निरोगी वाक्य असेल. जिला प्रत्येक कचेरीत कारण द्यावं लागलं होतं, तिला एक गोष्ट कारण न देता करता आली.

तुम्ही म्हणाल, याने हिंसा थांबते का? नाही थांबत. पोटगीचा हुकूम गाण्याने मिळत नाही, आणि संरक्षण अधिकाऱ्यांची रिक्त पदं गाण्याने भरत नाहीत. त्यासाठी मोर्चे, निवेदनं, खटले चालूच राहणार. पण या सगळ्याच्या दगदगीत बाईला जपायला आपण बसलो आहोत, आणि तिच्याकडे अर्जाच्या रकान्यात न मावणारं पुष्कळ काही आहे, एवढं भान मला या गाण्यांनी दिलं. आपल्यालाही ते हवं असतं. आज इथे जमलेल्या आपण चाळीसेक जणी एकमेकींच्या केसेस ओळखतो. गाणी किती ओळखतो?

म्हणून जाता जाता मी माझी पाळी घेते. माझं गाणं माझ्या आईचं आहे. ती ते फक्त दुपारी म्हणायची, स्वयंपाकघरात धान्य निवडताना. संध्याकाळी जिन्यात वडिलांच्या पावलांचा आवाज आला की थांबायची. त्यामुळे ते गाणं मला अर्धंच येतं, आणि शब्द तर मुळीच येत नाहीत. ती ते ओठांतल्या ओठांत म्हणत असे. नुसती चाल माहीत आहे, ती गुणगुणते.

आणि आईला हेच गाणं का आवडायचं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा जवळ असावं, म्हणून हल्ली सुट्टीच्या दुपारी मी धान्य निवडायला तिच्याशेजारी बसते.

उद्या सकाळच्या सत्राआधी कुणाची पाळी, ते तुम्हीच ठरवा.